जुन्या ट्रकचे नवे ब्रेक : एका अमेरिकन पिकअपच्या पोटाखालचा इतिहास

१/२०
जुनी गाडी आपण बहुधा वरूनच पाहतो. फुगीर बोनेट, गोल दिवे, उन्हाने फिकटलेला रंग. परंतु ज्या भागांवर चालकाचा जीव अवलंबून असतो ते सारे खाली, चिखलाच्या बाजूला दडलेले असतात : ब्रेक, चाके आणि पाटे. आजचा धागा ट्रकखाली शिरून वाचायचा आहे. प्रश्न साधा आहे. जुन्या ट्रकचे ब्रेक बदलले तर त्याचा इतिहास पुसला जातो, की पुढे लिहिला जातो?

२/२०
उदाहरण म्हणून १९४७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत आलेला शेव्हरोले ‘३१००’ हा अर्ध्या टनाचा पिकअप घेऊ. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या आरंभी, तेथील नागरी मोटारींचे उत्पादन थांबले होते. युद्ध संपले तेव्हा शेतकरी, सुतार, दूधवाले, दुकानदार असे सर्वच नव्या वाहनाची वाट पाहत होते. या ग्राहकांसाठी हा ट्रक घडला. तो शौकाची वस्तू नव्हता. नांगर किंवा करवत यांच्यासारखे ते एक अवजार होते.

३/२०
त्याची रचना पाहा. पुढे एकसंध लोखंडी आस, तिच्या दोन्ही टोकांना किंगपिन, आणि पुढे-मागे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. आपल्याकडील टांग्याखाली ज्यांनी पाटे पाहिले आहेत, त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. घोडागाडीचा हा वारसा मोटारीने जसाच्या तसा उचलला होता. कारणही सबळ होते : पाटा भार पेलतो, आस जागेवर धरून ठेवतो आणि तुटला तर गावचा लोहारही त्याला हात घालू शकतो.

४/२०
इंजिन २१६ घनइंचांचे, सहा सिलिंडरचे, शक्ती ९० अश्वशक्ती. मागील आसाचे गुणोत्तर ४.११, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्टला चार वेळांहून अधिक फिरावे लागे. शेतातून पोती भरून निघताना हे गुणोत्तर वरदान ठरे. सपाट रस्त्यावर मात्र तोच त्याचा लगाम होता. तासाला ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर, ही त्या ट्रकची सुखाची चाल. त्याचे ब्रेक आणि पाटे याच चालीच्या हिशेबाने घडवलेले होते.

५/२०
आता ब्रेकचा पूर्वेतिहास. आरंभीच्या मोटारींत पायपट्टीपासून चाकापर्यंत दांडे किंवा तारा असत. चारही चाकांवर सारखा ताण येईल अशा रीतीने त्या जुळवणे ही मोठी कटकट होती. माल्कम लॉकहीड याने द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा मार्ग दाखवला. बंद नळीतील द्रव दाब सर्व दिशांना सारखा पोहोचवतो, हे पास्कलचे तत्त्व त्याच्या मुळाशी होते. १९२१च्या ड्यूझेनबर्ग गाडीत असे ब्रेक चारही चाकांना आले. ती श्रीमंतांची गाडी होती. १९२८च्या प्लिमथने हीच सोय स्वस्त गाडीत आणली.

६/२०
सर्वांनी ती लगेच स्वीकारली असे मात्र नाही. हेन्री फोर्ड यांचा पोलादी दांड्यांवरच विश्वास होता. नळी फुटली, द्रव गळाला, तर काय, अशी त्यांची शंका होती. शेव्हरोलेने १९३६मध्ये द्रवचलित ब्रेक घेतले. फोर्डच्या गाड्यांत ते १९३९च्या मॉडेलपासून आले. फोर्ड यांच्या हट्टाला आपण आज हसतो. तरी त्यांची शंका खोटी नव्हती. तिचे उत्तर मिळायला पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली, हे ध्यानात ठेवा. धाग्यात आपण तेथे पुन्हा येणार आहोत.

७/२०
१९४७च्या त्या ट्रकमध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडी ड्रम आणि त्याच्या आतून बाहेर रेटले जाणारे दोन शू. या सर्वांना दाब पुरवणारा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, जमिनीच्या फळीखाली बसवलेला. चार चाकांसाठी द्रवाचे मंडल मात्र एकच. एका चाकाची रबरी नळी फुटली की पायपट्टी थेट तळाला जाई आणि चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी नाहीसे होत. मग उरे तो फक्त हातब्रेक.

८/२०
ही त्रुटी तेव्हा कोणाला जाचत नव्हती का? जाचत असणार; पण रस्ताच वेग मर्यादित ठेवत होता. मग रस्ता बदलला. २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची ती योजना होती. चौक नाही, सिग्नल नाही, समोरून येणारे वाहन नाही. शेताच्या बांधापासून बाजारापर्यंत जाण्यासाठी जन्मलेला ट्रक आता ६५ मैलांच्या प्रवाहात शिरला.

९/२०
येथे थोडे गणित करू. धावत्या वाहनातील गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४५चे ६५ मैल झाले, म्हणजे वेग दीडपटीहूनही कमी वाढला. ऊर्जा मात्र दुपटीच्या पुढे गेली. ही सर्व ऊर्जा ब्रेकला उष्णतेत रूपांतरित करावी लागते. सुमारे दीड टनाचा तोच ट्रक, तेच ड्रम, तेच शू. आणि एका थांबण्याला दुप्पट उष्णता. घाटाच्या उतारावर वारंवार ब्रेक लावावे लागले तर काय होत असेल, याची कल्पना करा.

१०/२०
तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो. लायनरची घर्षणशक्तीही उष्णतेने घटते. पायपट्टी दाबलेली असते, चालकाचा पाय थरथरत असतो आणि ट्रक चालतच राहतो. ड्रममध्ये पाणी शिरले तरी काही काळ हीच गत. डिस्क ब्रेकमध्ये तबकडी उघडी असते. ती हवेने लवकर निवते, पाणी बाहेर भिरकावते आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. फरक धातूत नाही, रचनेत आहे.

११/२०
डिस्क ब्रेक ही काही अलीकडची कल्पना नव्हे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण तिची खरी परीक्षा व्हायला अर्धे शतक लोटले. १९५३च्या ल मॉन्स येथील २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने बाजी मारली. प्रतिस्पर्धी वळणाच्या बरेच आधी वेग कमी करू लागत. जॅग्वारचे चालक अधिक उशिरा. १९५५मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएन डीएसने पुढच्या चाकांची डिस्क सामान्य रस्त्यावर आणली.

१२/२०
अमेरिकेतील साध्या पिकअपपर्यंत ती पोहोचली १९७१मध्ये : त्या वर्षी शेव्हरोलेच्या सी-१० ट्रकला पुढे डिस्क ब्रेक मूळ साहित्यातच मिळू लागले. मधल्या काळात मोठी उलथापालथ झाली होती. १९६६मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर ५० हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. राल्फ नेडर यांच्या १९६५च्या पुस्तकाने जनमत पेटले होते. १९६६च्या सप्टेंबरात वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि सुरक्षितता ही उत्पादकाच्या मर्जीची बाब उरली नाही.

१३/२०
याच काळात हेन्री फोर्ड यांच्या शंकेला उत्तर मिळाले. मास्टर सिलिंडर दुहेरी झाला : पुढच्या चाकांचे मंडल वेगळे, मागच्यांचे वेगळे. एक गळाले तरी दुसरे अर्धी गाडी धरते. कॅडिलॅकने ही सोय १९६२मध्ये दिली होती, शेव्हरोलेच्या पिकअपला ती १९६७मध्ये आली. जुन्या ट्रकमध्ये एकच बदल करायचा असेल तर तो कोणता, असे कोणी विचारले, तर माझे उत्तर डिस्क नाही, दुहेरी मास्टर सिलिंडर हे आहे. मंद ब्रेकमुळे अंतर वाढते. नसलेल्या ब्रेकमुळे सारेच संपते.

१४/२०
आता गॅरेजमध्ये जाऊ. युद्धातून परतलेल्या तरुणांनी दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्या सजवण्याचा, पळवण्याचा छंद वाढवला. भंगारातून भाग आणायचे, कापायचे, जोडायचे. त्यांचा पहिला ध्यास वेगाचा होता. त्यामुळे क्रम उलटा पडला. आधी जोरकस इंजिन, मग मागील आसाचे गुणोत्तर कमी करून महामार्गाची चाल, आणि ब्रेक सर्वांत शेवटी. आज जाणकार नेमके उलट सांगतात : आधी थांबायला शिकवा, मग वळायला, मग पळायला.

१५/२०
शिवाय एकाला हात लावला की दुसरे हलते. १९५४पर्यंतच्या या पिकअपमध्ये प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत फिरत असे आणि चाकांचा रेटा त्या नळीतूनच पुढे जाई. मागील आस बदलायची तर नळीही जाते आणि गिअरबॉक्सची मागची जोडणी नव्याने करावी लागते. पुढे डिस्क बसवायची तर ड्रमसारखी आपोआप घट्ट होण्याची युक्ती तिच्यात नसते, म्हणून अधिक दाब लागतो. त्यासाठी इंजिनातील निर्वातावर चालणारा बूस्टर हवा, आणि बूस्टरला पायाखाली जागा हवी.

१६/२०
जमिनीखालचा मास्टर सिलिंडर आणखी एक पेच टाकतो. तो कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असतो. त्यामुळे द्रव हळूहळू मागे ओघळतो आणि पुढच्या वेळी पायपट्टी रिकामी जाते. उपाय म्हणजे नळीत थोडा दाब राखून ठेवणारी छोटी झडप : डिस्कसाठी २ पौंड प्रतिचौरस इंच, ड्रमसाठी सुमारे १०. रिकाम्या हौद्याचा ट्रक मागून हलका असतो. जोरात ब्रेक लावताच मागची चाके आधी अडकतात आणि ट्रक आडवा होतो. म्हणून मागचा दाब आवरणारी दुसरी झडपही लागते.

१७/२०
चाकांची कथाही अशीच गुंतलेली. जुने चाक १६ इंची, अरुंद, सहा नटांचे. १९७१मध्ये डिस्क आली तेव्हा दोन चाकांना जोर असलेल्या सी-१०चे चाक पाच नटांचे झाले. म्हणजे तेथून ब्रेक उचलले तर मूळ चाके बसत नाहीत. बसली तरी कॅलिपरला घासतात का, भार पेलतील का, हे पाहावे लागते. फ्रान्सच्या मिशलँने १९४०च्या दशकात आणलेला रेडियल टायर रस्ता अधिक घट्ट धरतो. पण दोन बाजूंना दोन प्रकारचे टायर घालणे हा धोक्याचा खेळ आहे.

१८/२०
सस्पेन्शनबाबत दोन वाटा आहेत. पहिली मूळ आस राखणारी : नवे किंगपिन, कमी घर्षणाचे पाटे, चांगले शॉकअप. दुसरी चेसीची पुढची आडवी पट्टी कापून दोन्ही चाके स्वतंत्र करणारी. यासाठी १९७४ ते १९७८ या काळातील फोर्डच्या मस्टँग-२ची पुढची रचना इतकी लोकप्रिय झाली की तिच्या नमुन्यावर नवे सांगाडेच विकले जाऊ लागले. शेव्हरोलेच्या ट्रकात फोर्डची पुढची बाजू! कंपन्यांचे वैर गॅरेजच्या दाराबाहेर राहिले. परंतु पहिली वाट उद्या उलटवता येते. दुसरी कापलेली चेसी पूर्ववत होत नाही.

१९/२०
हा प्रश्न आपल्याही दारात आहे. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. १९५४मध्ये कंपनीने येथून गाशा गुंडाळला. सुटे भाग दुर्मीळ झाले आणि आपल्या मिस्त्रींनी अनेक अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसवून त्या चालत्या ठेवल्या. तोही इतिहासच. पुढे २०२१मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांत चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसण्याची अट आहे. म्हणजे कटर उचलण्यापूर्वी विचार केलेला बरा. अट वाचा, मगच चेसीला हात लावा.

२०/२०
मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर? जुने ते सोने हे खरे. पण सोन्यालाही कस लावावा लागतो. संग्रहालयात उभा राहणारा ट्रक मूळ ब्रेकसह राहावा, कारण तो एका काळाचा दस्तऐवज आहे. रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकसमोर मात्र दुसऱ्याची लेकरे असतात; तेथे मूळपणाचा हट्ट त्यांच्या जिवावर करता येत नाही. म्हणून बदल करा, पण नट सोडून परत बसवता येईल असा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपा, तारीख लिहा, छायाचित्र ठेवा. जुने लायनर झटकू नका, हवेच्या झोताने तर मुळीच नको. त्यांत फुप्फुसे पोखरणारे ॲस्बेस्टॉस असते. आणि आपल्या घरी, वाड्यात, गोठ्याशेजारी एखादे जुने वाहन उभे असेल, तर आज त्याच्या खाली एकदा डोकावून पाहा. कोणी, केव्हा, कशासाठी काय बदलले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि या धाग्याखाली जरूर लिहा. ती माहिती आज सांगणारे आहेत, तोवरच ती आपली आहे.